न्यूयॉर्कमधल्या रिकाम्या सरकारी प्लॉटवर सामुदायिक पॉलिहाऊस: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

न्यूयॉर्क शहरात राहता आणि गल्लीतल्या तण माजलेल्या प्लॉटवर शेजाऱ्यांनी मिळून पॉलिहाऊस उभारावं असं मनात आहे? मग एक गोष्ट आधी समजून घ्या. सुरुवात पॉलिहाऊसच्या अर्जाने होत नाही. आधी त्या जागेवर सामुदायिक बाग मंजूर होते आणि पॉलिहाऊसला त्या बागेतलं बांधकाम म्हणून नंतर परवानगी मिळते. नकाशा, पाइप, प्लास्टिक यांच्या मागे लागण्याआधी जागा आणि माणसं जमवा.

हे काम शहराच्या उद्यान विभागाचा ‘ग्रीनथंब’ कार्यक्रम बघतो. सत्तरच्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली आणि इमारती पडून जागा ओस पडल्या. रहिवाशांनी त्या साफ करून बागा केल्या आणि १९७८ साली हा कार्यक्रम सुरू झाला. आज त्यात ५५० हून अधिक बागा आहेत.

जागा कोणाची आहे ते आधी बघा

प्रत्येक प्लॉटला बरो (शहराच्या पाच भागांपैकी एक), ब्लॉक आणि लॉट असा क्रमांक असतो. शहर नियोजन विभागाच्या ‘झोला’ या ऑनलाइन नकाशावर तो मिळतो. खरेदीखतं ‘ॲक्रिस’ या शहराच्या ऑनलाइन नोंदवहीत बघता येतात, स्टेटन आयलंड या बरोसाठी मात्र तिथल्या काउंटी क्लार्ककडे (नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जावं लागतं. जागा शहराच्या मालकीची असेल तर पुढे जा. ती गृहनिर्माण विभागाची असेल तर तिथे पुढेमागे घरं बांधायचा बेत असू शकतो, हे गृहीत धरा. खाजगी प्लॉटवर मालकाच्या संमतीशिवाय पाऊल ठेवू नका.

पात्रता

एकट्यादुकट्याला जागा मिळत नाही. किमान १० सक्रिय सदस्य लागतात. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात बाग आठवड्याला किमान २० तास सर्वांसाठी उघडी ठेवावी लागते. ही अट पेलणार असेल तरच अर्ज करा, कारण बहुतेक गट इथेच दमतात, असं मला वाटतं. कुलपाची किल्ली कोणाकडे आणि कोणत्या वारी कोण बसणार, हे आधीच लिहून काढा.

कागदपत्रं

सदस्यांची नावं-पत्ते, संपर्कासाठी दोन व्यक्ती, गटाचे नियम, जागेचा क्रमांक आणि फोटो, वाफे व फाटक दाखवणारा साधा आराखडा हे सगळं तयार ठेवा. त्यासोबत शेजाऱ्यांची आणि स्थानिक कम्युनिटी बोर्डाची (शहराला सल्ला देणाऱ्या वस्तीच्या मंडळाची) पाठिंब्याची पत्रं जोडा. या पत्रांना फार वजन असतं. त्यासाठी बोर्डाच्या बैठकीला स्वतः जा आणि तुम्हाला काय करायचं आहे ते तोंडी सांगा. मग ग्रीनथंबशी संपर्क साधा; ज्या खात्याची जागा आहे त्याच्याशी ते बोलतात. होकार आला की परवाना करार होतो.

हा करार ठरावीक मुदतीचा असतो आणि त्याने जमीन तुमची होत नाही. १९९९ मध्ये शहर शंभराहून अधिक बागा लिलावात काढायला निघालं होतं. ट्रस्ट फॉर पब्लिक लँड आणि न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट या संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. म्हणून पॉलिहाऊस नट-बोल्टचं, सुटं करून दुसरीकडे नेता येईल असंच आखा. काँक्रीटचा पाया नको.

आराखडा

बांधकामाला हात घालण्याआधी ग्रीनथंबची मंजुरी घ्या. काचेचं, वीजजोडणीचं मोठं हरितगृह म्हटलं की बांधकाम विभागाच्या परवानग्यांचा प्रश्न येतो. पहिल्या खेपेला कमानीचं, बिनविजेचं छोटं पॉलिहाऊसच बरं.

सगळ्यात मोठा प्रश्न उन्हाचा. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, न्यूयॉर्कमध्ये जेमतेम २६ अंशांवर. दक्षिणेला ५० फूट उंच इमारत असेल तर तिची सावली भरदुपारीही १०० फूट पसरते, आणि इथला नेहमीचा प्लॉटच २५ बाय १०० फुटांचा! तेव्हा अर्ज करण्याआधी हिवाळ्यातल्या एखाद्या दुपारी जागेवर उभं राहून सावली बघा. पॉलिहाऊस उत्तरेच्या टोकाला घ्या, लांब बाजू दक्षिणेकडे करा. बर्फ घसरून पडावा म्हणून कमान उभट हवी, आणि एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होऊ नये म्हणून बाजूचे पडदे गुंडाळता आले पाहिजेत.

पडलेल्या इमारतींच्या मातीत शिसं असू शकतं. माती तपासून घ्या, पण भाजी जमिनीत न लावता बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीच्या उंच वाफ्यांतच लावा. मुलं त्या मातीत खेळणार आहेत, इथे तडजोड नको.

पाण्यासाठी रस्त्यावरचा हायड्रंट (आग विझवण्यासाठीचा नळ) वापरायचा तर शहराच्या पर्यावरण संरक्षण विभागाचा परवाना लागतो. जोडीला पन्हळ लावून पिंप ठेवा. १०० चौरस फूट छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं. कडाक्याच्या थंडीआधी मात्र पिंप रिकामं करा, नाहीतर गोठून फुटेल.