लाल विंचवाच्या नांगीतलं बूच

कोकणात लाल विंचू म्हटलं की आधी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात, आणि ते बरोबरच आहे, विंचू चावलेली कितीतरी माणसं त्यांनी ब्लडप्रेशरच्या साध्या प्राझोसिन गोळीवर वाचवली. पण याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये एक छोटंसं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, वेगळं काढलं गेलं त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नाव आयबेरिओटॉक्सिन. ऐकायला स्पेनचं वाटतं, पण माल आपल्याकडचा.

आता हे करतं काय? आपल्या पेशींच्या पडद्यात पोटॅशियमसाठी खास दारं असतात, त्यांना चॅनल म्हणतात. दार उघडलं की सेकंदाला लाखो-कोट्यवधी पोटॅशियम आयन बाहेर पळतात आणि उत्तेजित झालेली पेशी परत शांत होते. गंमत म्हणजे सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी त्याला या दारात एंट्री नाही.

विषातलं पेप्टाइड बाहेरून येऊन या दाराच्या तोंडावर बसतं, अगदी बाटलीला बूच लावावं तसं. ३७ अमिनो आम्लांची माळ, तीन सल्फरच्या गाठींनी घट्ट आवळलेली, आणि तिच्यातलं २७ नंबरचं लायसिन पॉझिटिव्ह चार्ज घेऊन थेट भोकात घुसतं. एक चॅनल, एक बूच, विषय संपला.

हे कळलं कसं तो किस्सा मला फार आवडतो. अमेरिकेत क्रिस मिलर आणि रॉडरिक मॅकिनन मध्यपूर्वेतल्या एका विंचवाच्या कॅरिब्डोटॉक्सिनवर काम करत होते, तेही असंच ३७ अमिनो आम्लांचं. त्यांना दिसलं की पडद्याच्या आतल्या बाजूला पोटॅशियम वाढवलं की बाहेर बसलेलं बूच पटापट उडतं, सोड्याच्या बाटलीसारखं! म्हणजे ते कुठंतरी कडेला चिकटलेलं नाही, पोटॅशियमच्या वाटेतच बसलंय. मग मॅकिननने विष लागू पडणारे आणि न पडणारे असे चॅनलचे तुकडे एकत्र मिसळले, विष किती चालतं ते मोजलं आणि नुसत्या हिशोबावरून सांगितलं की एक दार चार तुकड्यांचं बनतं. हे १९९१ मध्ये, चॅनलचा फोटो कुणी बघितलेलाही नव्हता तेव्हा. ती रचना त्याने १९९८ ला दाखवली आणि २००३ ला केमिस्ट्रीचं नोबेल घेतलं.

कॅरिब्डोटॉक्सिन चार ठिकाणी तोंड घालतं, आपलं आयबेरिओटॉक्सिन मात्र बीके नावाच्या एकाच जातीच्या चॅनलवर बसतं. हे चॅनल रक्तवाहिन्यांच्या स्नायूंना सैल ठेवायला मदत करतात, त्यामुळे एखाद्या कामात बीकेचा हात आहे का हे तपासायला लॅबवाले हेच टाकून बघतात.

एक सांगायला हवं, विंचू चावल्यावर जो घाम सुटतो, बीपी चढतं, फुप्फुसात पाणी भरतं ते मुख्यतः विषातल्या दुसऱ्या टॉक्सिनांमुळे, ती सोडियमच्या चॅनलवर जातात. पोटॅशियमवाली मंडळी त्यामानाने साइड रोलमध्ये. त्यांच्यातच टॅमापिन पण आहे, ३१ अमिनो आम्लांचं, ते एसके नावाच्या चॅनलवर बसतं, आणि मधमाशीच्या डंखातलं १८ अमिनो आम्लांचं एपामिन पण नेमकं तेच चॅनल धरतं.