विद्यापीठाचं ग्रंथालय आणि सातारा-सांगलीचा विद्यार्थी

सांगलीचं विलिंग्डन महाविद्यालय 1919 सालचं. तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, नंतर पुण्याला आणि 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कोल्हापूरला. म्हणजे विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय इथल्या पोरांसाठी कायम परगावीच राहिलं.

त्याचं मूळ जुनं आहे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं ते परीक्षा घेण्यापुरतं. शिकवायचं महाविद्यालयांनी, त्यामुळे पुस्तकंही त्यांच्याकडेच. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची राजाबाई टॉवरची इमारत 1878 मध्ये पुरी झाली. 1904 च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची, ग्रंथालयं आणि प्रयोगशाळा उभारण्याची मुभा मिळाली. त्याच कायद्याने संलग्नता मागणाऱ्या महाविद्यालयावर ग्रंथालयाची सोय करण्याची अट घातली. माझ्या मते आपल्याकडच्या ग्रंथालय व्यवस्थेचा खरा पाया ही अटच आहे.

साताऱ्यात या अटीला वेगळा अर्थ आला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ज्यांच्या घरात पुस्तक विकत घेणं परवडत नव्हतं अशांच्या मुलांसाठी. अशा मुलाला संदर्भग्रंथाआधी क्रमिक पुस्तक लागतं. म्हणून बुक बँक महत्त्वाची: वर्षाच्या सुरुवातीला सगळा संच घ्यायचा, परीक्षा झाली की परत करायचा. आधीच्या मुलाने पेन्सिलीने केलेल्या खुणा, मागच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, खिशात बीटी कार्ड, म्हणजे पुस्तक घरी नेण्यासाठीचं ग्रंथालयाचं कार्ड. कित्येकांची पदवी याच संचावर झाली आहे.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय उभं राहिलं, तरी तिथे मुख्यतः जायचे ते संशोधक आणि प्राध्यापक. 2009 नंतर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पीएच.डी.चे प्रबंध डिजिटल स्वरूपात मागायला सुरुवात केली आणि ते 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर दिसू लागले. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र हे नाव दिलं. 2021 मध्ये कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आणि विद्यापीठच साताऱ्यात आलं.

आता एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन योजनेमुळे तालुक्याच्या महाविद्यालयातही हजारो ई-नियतकालिकं उघडतात. पण त्याचा पासवर्ड मिळतो महाविद्यालयामार्फत, बहुतेक ठिकाणी ग्रंथपालाकडूनच. ग्रंथपालाची जागा रिकामी ठेवली, तर बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या पोरीला ही सोय आहे हे सांगणारंच कोणी उरत नाही.