एकच फाइल, चार प्रती: कॅशची जागा कोण खातं?

पान मागताना ब्राउझर ‘अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग’ नावाचा हेडर, म्हणजे विनंतीसोबतची माहितीची ओळ, पाठवतो. कोणत्या पद्धतीने कॉम्प्रेस केलेला मजकूर आपल्याला उलगडता येतो, याची ती यादी. सर्व्हर त्यातली एक पद्धत निवडतो आणि उत्तरावर ‘व्हेरी: अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग’ असं लिहून देतो. मधल्या कॅशने, म्हणजे उत्तरांच्या प्रती साठवून पुढच्यांना देणाऱ्या यंत्रणेने, त्यातून समजायचं ते एवढंच, की ही प्रत याच यादीसाठी आहे. यादी बदलली तर पुन्हा विचारायला ये.

घोळ होतो तो इथे. साधा कॅश ही यादी अक्षराला अक्षर लावून तपासतो. एक ब्राउझर पाठवतो ‘जीझिप, डिफ्लेट, बीआर, झेडएसटीडी’ (ही कॉम्प्रेस करण्याच्या पद्धतींची नावं), त्याचीच जुनी आवृत्ती ‘जीझिप, डिफ्लेट, बीआर’. एखादं अ‍ॅप मध्ये जागा न सोडता ‘जीझिप,डिफ्लेट’ लिहितं, तर एखादा बॉट (आपोआप पानं मागणारा प्रोग्रॅम) नुसतंच ‘जीझिप’. मूळ सर्व्हरला जीझिपच येत असेल, तर चौघांनाही एकच मजकूर जातो. तरी कॅशमध्ये चार प्रती साठतात आणि मूळ सर्व्हरकडे चार फेऱ्या होतात.

उपाय सोपा आहे, पण तो कॅशमध्ये शोध घेण्याआधी व्हायला हवा. मूळ सर्व्हरकडे विनंती निघताना हेडर बदलून काहीच साधत नाही, कारण तोवर प्रत कोणती ते ठरलेलं असतं. यादीत बीआर, म्हणजे ब्रॉटली, असेल आणि मूळ सर्व्हर ती देत असेल, तर हेडर फक्त ‘बीआर’ करा. नाहीतर जीझिप असेल तर फक्त ‘जीझिप’. दोन्ही नसतील तर हेडरच काढून टाका. मग कितीही तऱ्हेच्या याद्या आल्या तरी प्रती जास्तीत जास्त तीन. डिफ्लेट सरळ वगळावं: झेडलिब या स्वरूपाचं आवरण असलेला आणि नसलेला, असे त्याचे दोन अर्थ लावले गेले आणि त्यातून बऱ्याच गोंधळाच्या चुका झाल्या. जेपेग चित्रं, एमपी४ व्हिडिओ, वॉफ२ फॉन्ट या फाइली मुळातच कॉम्प्रेस केलेल्या असतात. त्यांच्यासाठी हेडर नेहमीच काढावा.

व्हार्निश हा कॅशचा प्रोग्रॅम ३.० या आवृत्तीपासून (२०११) हे काम आपणहून करतो, पण फक्त जीझिपपुरतं. त्यामुळे मूळ सर्व्हरवर ब्रॉटली चालू करूनही ती कुणालाच मिळत नाही, आणि कारण शोधताना डोकं खाजवत बसावं लागतं. अपाचे ट्रॅफिक सर्व्हर या दुसऱ्या कॅश प्रोग्रॅममध्ये यासाठी ‘नॉर्मलाइझ_एई’ ही सेटिंग आहे: १ म्हणजे जीझिप, २ म्हणजे आधी ब्रॉटली, नाहीतर जीझिप.

नुसता ‘जीझिप’ हा शब्द शोधणारा नियम मात्र ‘जीझिप;क्यू=०’ला फसतो. त्याचा अर्थ ‘जीझिप नको’ असा आहे! असा ग्राहक क्वचितच भेटतो, पण त्याच्या पदरात न वाचता येणारे बाइट पडतात. त्याहून वाईट म्हणजे प्रती कमी करायच्या म्हणून व्हेरीच काढून टाकणं. तसं केलं की पहिल्याने मागितलेली कॉम्प्रेस केलेली प्रत, झेपो न झेपो, सगळ्यांना जाते.

बदल केल्यावर कर्ल या कमांड-लाइन साधनाने एकच पत्ता वेगवेगळ्या याद्या देऊन मागवा आणि उत्तरातला ‘एज’ हेडर, म्हणजे प्रतीचं सेकंदांतलं वय, पाहा. यादी बदलूनही तो शून्यावर न जाता वाढत राहिला, तर सगळ्यांना एकच प्रत मिळते आहे. जुन्या प्रती मुदत संपेपर्यंत जागा अडवतात, म्हणून सुरुवातीला हिटचं, म्हणजे कॅशमधूनच उत्तर मिळण्याचं, प्रमाण थोडं घसरलं तर लगेच नियम मागे घेऊ नका.