अ‍ॅपवरील चालकांसाठी डेटाचा वापर (नाशिक)

अ‍ॅपवरून भाडी घेणारे रिक्षा-टॅक्सीचालक आणि दुचाकीवरून घरपोच माल पोहोचवणारे कामगार यांच्या फेऱ्या, वेळ, इंधन, वेग व अपघात यांच्या नोंदी ठेवून त्यांवरून रोजच्या कामाची आखणी करण्याची पद्धत. डेटाला मराठीत ‘विदा’ असा शब्द आहे. स्टँडवर मात्र ‘हिशेब’ म्हटले की सगळ्यांना कळते.

यातल्या बऱ्याच नोंदी चालकाच्या मोबाइलमध्ये आपोआप तयार होतात. जीपीएसवरून गाडीची जागा व वेग कळतो, अ‍ॅक्सेलरोमीटर (वेगातला बदल मोजणारा मोबाइलमधला भाग) करकचून लावलेला ब्रेक टिपतो आणि जायरोस्कोप (वळणे मोजणारा भाग) झटक्यात घेतलेले वळण. एकदा जोरात ब्रेक लागला म्हणून चालकाला दोष देता येत नाही; कुत्रे आडवे आले असेल. पण एकाच जागी रोज दहा गाड्यांचे ब्रेक लागत असतील, तर दोष रस्त्यात आहे आणि तो महापालिकेला दाखवून देता येतो.

कमाईचा खरा प्रश्न रिकाम्या किलोमीटरचा असतो. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर या भागांत एक भाडे सोडले की जवळपास दुसरे मिळते. ओझरचे विमानतळ, त्र्यंबकेश्वर किंवा गंगापूर धरणाकडच्या वायनरी येथे सोडून परतताना गाडी अनेकदा रिकामी येते. सातपूर-अंबडला कारखान्यांची पाळी सुटायची वेळ आणि नाशिकरोडला मुंबईकडच्या गाड्या येण्याची वेळ ज्याने टिपून ठेवली, त्याला परतीचे भाडे शोधत फिरावे लागत नाही.

हिशेब सोपा आहे. समजा, दिवसात गाडी १५० किमी फिरली, त्यातले ६० किमी रिकामी, आणि गल्ला १,८०० रुपये. भाड्याचे ९० किमी धरले तर किलोमीटरला २० रुपये पडल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात पडले १२. तेवढ्याच गल्ल्यात रिकामे फिरणे ४० किमीवर आणले, तर किलोमीटरला जवळजवळ १४ रुपये सुटतात, शिवाय २० किमीचा सीएनजी वाचतो. सीएनजी पंपावरच्या रांगेत गेलेला तासही याच हिशेबात धरायला हवा, कारण तेवढा वेळ धंदा बंद असतो.

हे सगळे कोणतेही एक अ‍ॅप दाखवत नाही. बरेच चालक एकाच वेळी दोन-तीन अ‍ॅप चालू ठेवतात, मधूनच स्टँडवरचे भाडेही मारतात. प्रत्येक कंपनीकडे त्यांच्या दिवसाचा एक तुकडा असतो. पूर्ण दिवस दिसतो तो काचेखाली रबर लावून ठेवलेल्या शंभरपानी वहीत. भाडे बसले तेव्हाचा किलोमीटरच्या काट्यावरचा आकडा, उतरले तेव्हाचा आकडा, वेळ, जागा, मिळालेले पैसे : एवढे पाच रकाने पंधरा दिवस भरले, की कोणत्या वारी कोणत्या नाक्यावर थांबायचे ते चालकाला कळू लागते. या विषयातले सर्वांत मोलाचे साधन ही वहीच आहे.

सुरक्षेसाठी दोन नोंदी महत्त्वाच्या : झोपेची आणि जागेची. रात्री २ ते पहाटे ६ आणि दुपारी जेवणानंतर माणसाचा डोळा हमखास जड होतो. दिवसभर शहरात गाडी चालवून रात्री कसारा घाटातून मुंबई विमानतळाचे भाडे घेणारा चालक नेमका त्याच वेळी रस्त्यावर असतो. समृद्धी महामार्ग तर सरळसोट. तिथे डोळा लागायला वळणही आड येत नाही. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला १२ तास लॉगिनची (अ‍ॅपवर कामासाठी हजर राहण्याची) मर्यादा आणि त्यानंतर १० तास विश्रांती सांगितली होती. अ‍ॅप बदलून ती ओलांडणारा चालक स्वतःलाच फसवतो. वहीतला वेळेचा रकाना त्यासाठीच लागतो.

जागेच्या बाबतीत ‘ब्लॅक स्पॉट’ ही संज्ञा वापरतात. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात वा १० मृत्यू झाले असतील, तर तो ब्लॅक स्पॉट ठरतो. पोलिसांच्या अपघात-नोंदी आता आयआयटी मद्रासने विकसित केलेल्या आयरॅड प्रणालीत जातात. महाराष्ट्र तिच्या पहिल्या सहा राज्यांत होता. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील मिरची चौकात खासगी बस पेटून प्रवासी मृत्युमुखी पडले. तो चौक शहरातला चालक विसरलेला नाही. बाहेरगावच्या चालकाला मात्र चौक येण्याआधी मोबाइलने सावध केले पाहिजे. नोंदी आहेत, मोबाइलही आहे. या दोन्हींची सांगड घालणे हे काम आहे.

कंपनीकडच्या नोंदी चालकाला दिसल्या पाहिजेत. रेटिंग का घसरले, अ‍ॅपवरचा आयडी का बंद झाला, हे न सांगता केलेली कारवाई म्हणजे उपाशी ठेवणे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात स्वतःविषयीची माहिती मागण्याच्या हक्काची तरतूद आहे. गिग कामगाराची (अ‍ॅपवरून एकेक काम घेणाऱ्याची) व्याख्या करणारी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी.

सिंहस्थात मात्र जुनी वही कामाची नाही. पर्वणीच्या दिवशी रामकुंड व पंचवटीकडचे रस्ते बंद होतात, वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवली जातात. २०२६-२७ च्या सिंहस्थात कोणता रस्ता किती वाजता बंद, ही पोलिसांकडची माहिती आदल्या रात्रीच चालकांच्या मोबाइलवर पोहोचली, तर भाविक आणि चालक दोघेही बंद रस्त्यावर अडकून पडणार नाहीत.