घरी टेबल असताना स्टुडिओत का बसायचं?

आर्किटेक्चरला किंवा डिझाइनला मूल गेलं की पहिल्या दोन महिन्यांत घरात एक प्रश्न येतोच, हे सगळं काम घरी बसून का होत नाही? टेबल आहे, दिवा आहे, जेवण वेळेवर मिळतंय, मग रात्री उशिरापर्यंत कॉलेजच्या स्टुडिओत पडीक कशाला? माझ्या वडिलांनी तर सुताराकडून तिरकं होणारं टेबल करून घेतलं होतं माझ्यासाठी, आणि पाच वर्षांत त्याच्यावर धड चार शीटसुद्धा झाल्या नसतील. तेव्हा त्यांना नीट उत्तर देता आलं नाही, "सगळे तिथेच असतात ना" एवढंच म्हणायचे मी. आता वाटतं की उत्तर तेच होतं, फक्त त्याच्यामागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे हे मला माहीत नव्हतं.

सुरुवात पॅरिसची. चौदाव्या लुईच्या काळात, १६७१ मध्ये तिथे वास्तुकलेची सरकारी अकादमी निघाली, पण तिथे व्हायची ती मुख्यतः व्याख्यानं, म्हणजे भूमिती, खांबांची प्रमाणं, जुन्या इमारतींवर चर्चा. प्रत्यक्ष डिझाइन करायला शिकायचं तर एखाद्या कामावरच्या आर्किटेक्टकडे जाऊन त्याच्या हाताखाली बसायचं. राज्यक्रांतीत १७९३ साली अकादम्या बंद झाल्या, पुढे १८१९ मध्ये एकोल दे बोझार ही सरकारी कलाशाळा उभी राहिली, तरी ही वाटणी तशीच राहिली. संस्था विषय काढणार, स्पर्धा घेणार, निकाल लावणार, आणि शिकणं होणार बाहेर, भाड्याच्या खोल्यांमध्ये. त्या खोलीला म्हणायचे आतेलिए. आपण ज्याला स्टुडिओ म्हणतो त्याचं मूळ घर हे.

आणि हे घर विद्यार्थी स्वतः चालवायचे, मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भाडं, कोळसा, दिवे सगळं वर्गणीतून. त्या वर्गणीला मास म्हणायचे आणि ती गोळा करणारा, शिस्त बघणारा जो विद्यार्थी निवडला जायचा तो मासिए. गुरू म्हणजे पात्रों, तो काही रोज येऊन बसायचा नाही, आठवड्यातून दोनतीनदा यायचा, टेबलाटेबलापाशी थांबायचा, बोलायचा, निघून जायचा. मग उरलेला आठवडा शिकवायचं कोण? तर शेजारचा. आतेलिएत नवीन मुलगा आणि पाच-सहा वर्षं घासलेला जुना मुलगा एकाच खोलीत असायचे, जुन्याची मोठी स्पर्धा जवळ आली की नवे त्याच्या ड्रॉइंगला हात लावायला बसायचे, सावल्या भरायचे, रेघा मारायचे, आणि त्या बदल्यात जुन्यांनी नव्यांची ड्रॉइंग बघून चुका दाखवायच्या असा व्यवहार होता. पेणला गणपतीच्या कारखान्यात कधी गेला असाल तर हे लगेच कळेल, पोरं आधी माती मळतात, मग साच्यातून काढलेली मूर्ती घासतात, रंगाचा हात मारतात, आणि डोळ्यांची आखणी मात्र जाणता कारागीर करतो, पण पोरं शेजारी बसून ती रोज बघत असतात. कोणी वेगळा तास घेऊन डोळे शिकवत नाही.

बोझारची एक पद्धत मात्र बरोबर याच्या उलट होती आणि दोन्ही एकत्र होत्या म्हणून ती व्यवस्था टिकली असं मला वाटतं. स्पर्धेचा विषय मिळाला की विद्यार्थ्याला एकट्याला एका छोट्या खणात, लोजमध्ये बसवायचे, बारा तासांत कच्चं स्केच करून जमा करायचं, त्याची नक्कल फक्त सोबत न्यायची. मग आतेलिएत परत येऊन दोन-तीन महिने त्याच कल्पनेवर काम. शेवटचं ड्रॉइंग मूळ स्केचपासून फार भरकटलं तर स्पर्धेतून बाद. म्हणजे कल्पना तुझी एकट्याची, ती वाढवायची मात्र सगळ्यांच्या समोर, सगळ्यांच्या मदतीने. आज ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, "हा तुझाच कन्सेप्ट आहे का" असं विचारतात तेव्हा मला ते खण आठवतात.

जमा करायच्या दिवशी आतेलिएसमोर हातगाडी यायची, शारेत. सगळ्यांची ड्रॉइंग त्यात टाकून गाडी संस्थेकडे ढकलत न्यायची, आणि असं सांगतात की मुलं गाडीसोबत पळता पळता, कधी गाडीत बसूनसुद्धा शेवटचा हात मारायची. अजूनही जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत घाईच्या सबमिशनला शारेत म्हणतात. आपल्याकडे आपण नाइट मारली म्हणतो, अर्थ तोच.

ही पद्धत अमेरिकेत माणसांमार्फत गेली. रिचर्ड मॉरिस हंट हा बोझारमध्ये शिकलेला पहिला अमेरिकन, तो १८४६ मध्ये तिथे दाखल झाला. परत जाऊन त्याने न्यूयॉर्कमध्ये पॅरिससारखं आतेलिए काढलं, तिथे शिकलेल्या विल्यम वेअरला एमआयटीने १८६५ मध्ये नेमलं आणि १८६८ ला तिथे आर्किटेक्चरचे वर्ग सुरू झाले. आतेलिए विद्यापीठाच्या आत आलं ते असं. फायदा म्हणजे जागेच्या भाड्याचा भार विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून उतरला, तोटा म्हणजे किल्ल्याही गेल्या, आता खोली कधी उघडायची आणि कोणी कुठे बसायचं हे टाइमटेबल ठरवणार. आजच्या स्टुडिओवरच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे असं माझं मत.

आपल्याकडे मुंबईत ही गोष्ट जवळजवळ त्याच वर्षांत घडत होती. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ ला सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ ला जॉन लॉकवुड किपलिंग आले, आणि पुढच्या वर्षी तिथे तीन आतेलिए निघाली, सजावटीच्या चित्रकामाचं जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, मूर्तिकामाचं किपलिंगकडे, आणि नक्षीदार लोखंडकामाचं हिगिन्स यांच्याकडे. लोखंडकामाचं आतेलिए म्हणजे भट्टी, घण, घाम, नुसतं कागदावरचं डिझाइन नाही. ग्रिफिथ्स तर १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे, भित्तिचित्रांच्या प्रती करायला. लेण्यांमधला अंधार, वटवाघळं, मोठमोठे कॅनव्हास, आणि एकाच भिंतीसमोर मांडून बसलेली मुलं, तो स्टुडिओच होता, फक्त छप्पर दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यातल्या बऱ्याच प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत जळाल्या, हे वाचून मला आजही हळहळ वाटते.

आर्किटेक्चर जे. जे.मध्ये जरा उशिरा आलं, १८९६ ला ड्राफ्ट्समनच्या वर्गाने. पण तिथे एकत्र बसून शिकलेल्या मुलांनी १९१७ साली माजी विद्यार्थ्यांची संघटना काढली आणि तीच वाढत वाढत १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. देशातल्या आर्किटेक्टांची मोठी संस्था एका वर्गातल्या ओळखीतून उभी राहिली, स्टुडिओचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. १९५८ मध्ये आर्किटेक्चर आणि अप्लाइड आर्ट या दोन वेगळ्या संस्था झाल्या.

मध्ये जर्मनीत बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा झाली होती. वायमारला १९१९, मग डेसाउ, शेवटी बर्लिनला १९३३ मध्ये बंद. तिथे स्टुडिओऐवजी वर्कशॉप, आणि प्रत्येक वर्कशॉपला सुरुवातीच्या काळात दोन गुरू, एक कलाकार आणि एक कारागीर. डेसाउच्या इमारतीला १९२६ मध्ये काचेची भिंत मिळाली ती नेमकी वर्कशॉपच्या अंगाला, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आत काम चाललंय हे दिसावं अशी, आणि त्याच इमारतीत २८ खोल्या होत्या जिथे राहायचंही आणि कामही करायचं. हे सगळं आपल्यापासून लांब वाटतं पण नाही. बाउहाउस काढणारे वॉल्टर ग्रोपियस पुढे हार्वर्डला शिकवायला लागले आणि १९४५ मध्ये त्यांच्याकडे शिकायला गेले अच्युत कानविंदे, आपले मालवणजवळच्या आचऱ्याचे, जे. जे.चे विद्यार्थी, ज्यांनी पुढे आयआयटी कानपूर उभं केलं. बाउहाउसची आठवण धरून १९५३ मध्ये सुरू झालेल्या जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत जे. जे.मधूनच सुधाकर नाडकर्णी गेले, आणि पवईच्या आयआयटीत १९६९ ला आयडीसी, म्हणजे औद्योगिक डिझाइनचं केंद्र, सुरू झालं ते त्यांच्या पुढाकारातून. त्याच्या आधी १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली होती, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याच्या १९५८ च्या अहवालानंतर, ज्यात आपल्या साध्या लोट्याचं इतकं प्रेमाने वर्णन आहे.

बाउहाउसचे शेवटचे संचालक मीस फान डेर रोह यांनी शिकागोत १९५६ ला क्राउन हॉल बांधला. २२० फूट बाय १२० फूट, उंची १८ फूट, आत एकही खांब नाही, वरचा मजला म्हणजे एकच खोली. सगळ्या वर्षांची मुलं त्याच खोलीत, मध्ये डोक्याइतक्या उंचीचे लाकडी आडोसे फक्त. मुलांना आवाजाचा त्रास होतो म्हणून यावर टीका झाली आणि ती खोटी नाही. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला पाणी प्यायला जाता येता शेवटच्या वर्षाचं मॉडेल दिसतं, ही सोय कुठल्याही टाइमटेबलात बसवता येत नाही.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचा प्रवास. जन्म १९२७, पुण्याचा. १९४७ मध्ये जे. जे.ला, मग लंडन, मग १९५१ पासून पॅरिसला ल कॉर्बुझिए या नामवंत आर्किटेक्टच्या आतेलिएत, पत्ता रू द सेव्र ३५. हे आतेलिए म्हणजे जुन्या मठातला एक लांबट अरुंद पॅसेज, तिथे देशोदेशीची मुलं ओळीने टेबलं लावून बसलेली. कॉर्बुझिएला बोझारचा मनापासून राग, पण ती संस्था तिथून चालत जाण्याइतकी जवळ, आणि शिकवायची रीत शेवटी तीच, गुरू टेबलापाशी येणार आणि बाकीचे कान देऊन ऐकणार. दोशींनी अहमदाबादला १९६२ मध्ये स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू केली, आज आपण तिला सेप्ट म्हणून ओळखतो, आणि तिची इमारत त्यांनीच केली. विटांच्या समांतर भिंती, उत्तरेचा उजेड, उंच स्टुडिओ, एका पातळीवरून दुसरी दिसेल अशी रचना, आणि खाली मोकळी सावलीची जागा जिथे कोणीही टेकतं, ज्युरी पण होते. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक मिळालं, २०२३ च्या जानेवारीत ते गेले.

हे सगळं सांगताना एक गोष्ट झाकायची नाही. आतेलिएतून चांगल्याबरोबर वाईटही आलं. नव्या मुलांना छळायची रीत तिथली जुनी, मुलींना तर एकोलमध्ये १८९७ पर्यंत प्रवेशच नव्हता, आर्किटेक्चरला पहिली मुलगी आली ती ज्युलिया मॉर्गन, १८९८ मध्ये. बाउहाउसने मुली घेतल्या पण बहुतेकींना विणकामाकडे वळवलं. आणि रात्ररात्र जागणं म्हणजेच मेहनत ही समजूत तर अजून आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या संघटनेनेच स्टुडिओ कल्चरवर अहवाल काढला, झोप, तब्येत, ज्युरीतला अपमान यावर उघड बोलली, आणि नंतर तिथल्या कॉलेजांना मान्यतेसाठी स्टुडिओचं लेखी धोरण ठेवणं भाग पडलं. आपल्याकडे असं धोरण भिंतीवर लावलेलं मी तरी पाहिलेलं नाही आणि ते हवं असं मला ठामपणे वाटतं. पॅरिसमध्ये तर १९६८ च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी संस्थाच ताब्यात घेतली, आतेलिएत आंदोलनाची पोस्टर छापली, आणि त्या वर्षाअखेर आर्किटेक्चर बोझारमधून वेगळं झालं.

लॅपटॉप आल्यापासून टेबल रिकामी दिसायला लागली, २०२० मध्ये तर सगळे आपापल्या घरी, स्क्रीनवर फाइल दाखवायची आणि सरांचं बोलणं ऐकायचं. क्रिट, म्हणजे कामावरची चर्चा, होत होतं, पण शेजारच्याचं अर्धवट, चुकलेलं, खोडलेलं काम दिसत नव्हतं, दिसायचं ते फक्त झालेलं.

आमच्या कॉलेजात जागा कमी होती, त्यामुळे एकच टेबल सकाळी आम्ही दुसऱ्या वर्षाचे वापरायचो आणि दुपारी चौथ्या वर्षाचे. आम्ही चिडायचो त्याच्यावर. एकदा मी बटर पेपर बोर्डावर तसाच टेप लावून सोडून गेले, सकाळी येऊन बघते तर कोपऱ्यात बारीक पेन्सिलने लिहिलेलं, "जिन्याला हेडरूम मिळत नाहीये, सेक्शन काढून बघ." मी सेक्शन, म्हणजे जिन्याचा उभा छेद, काढला, चढताना डोक्यावर पुरेशी जागा खरंच नव्हती मिळत. दुरुस्त करून खाली "थँक्यू, आता?" असं लिहून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच अक्षरात "आता बरोबर" असं होतं. ते अक्षर कोणाचं ते मला वर्ष संपेपर्यंत कळलं नाही.