मायनस साडेबारा म्हणजे काय रे दादा?

2025 च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता आमच्या आतेभावानं मोबाइल पुढे केला, कुठल्याशा परदेशी रग्बी मॅचवरच्या सट्ट्याचे भाव होते, म्हणे हे मायनस साडेबारा काय आहे? पोराला क्रिकेटचं खाई-लगाई, म्हणजे सट्ट्याची बोली, तोंडपाठ, पण रग्बीत अर्धा पॉइंट होतच नाही तर साडेबारा आले कुठून.

तर हा हँडिकॅप. शब्द घोड्यांच्या रेसमधला, तगड्या घोड्यावर जास्त वजन लादायचं म्हणजे रेस चुरशीची होते. रग्बीत वजनाऐवजी पॉइंट लादतात, मायनस साडेबारा म्हणजे फेव्हरिटच्या स्कोअरमधून साडेबारा वजा. फेव्हरिट टीम 13 नं जिंकली तर पैसे, 12 नं जिंकली तर गेले, आणि अर्धा कशाला तर बरोबरी सुटून पैसे परत द्यायची भानगड नको म्हणून. रग्बीला हे लागतंच कारण तिथे एकतर्फी मॅच म्हणजे अगदीच एकतर्फी, 1995 च्या वर्ल्डकपात न्यूझीलंडनं जपानला 145-17 धुतलं होतं, आता अशा मॅचला नुसतं "कोण जिंकणार" यावर बुकी भाव तरी काय देणार!

पण खरी गंमत पॉइंटच्या हिशोबात आहे. समोरच्याच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय, पण अगदी सुरुवातीला ट्रायचे पॉइंटच नव्हते, ट्राय म्हणजे फक्त गोलला किक मारून बघायचा चान्स, नावच त्यावरनं पडलं. मग बरीच वर्षं ट्रायचे 3 आणि पेनल्टीचेही (समोरच्यानं फाउल केल्यावर मिळणारी गोलवरची किक) 3, म्हणजे चांगला किकर ज्याच्याकडे त्याच्यावर डोळे मिटून लावा. 1971 ला ट्रायचे 4 झाले, 1992 ला 5, वर कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतरच्या किकचे, 2, आणि जुने सगळे फॉर्म्युले पाण्यात. आजच्या रग्बीत फरक मोजायचा तो 3, 5 आणि 7 च्या उड्यांत, त्यामुळे साडेसहा आणि साडेसात यात दिसायला एकच पॉइंट असला तरी मध्ये अख्खा कन्व्हर्टेड ट्राय बसलाय.

1996 ला सुपर 12 या न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, साउथ आफ्रिकेच्या टीमांच्या लीगमध्ये टेबलात बोनस पॉइंट आले, चार ट्राय केले तर एक आणि 7 किंवा कमी फरकानं हरलात तरी एक. आता 10 नं मागे असलेली टीम शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली की सरळ किक मारते, मॅच हरते पण 7 नं हरते, आणि मायनस साडेसातवाला घरी बसून कपाळ बडवतो.

उलटंही होतं. 2015 चा वर्ल्डकप, ब्रायटन, साउथ आफ्रिका 32 जपान 29, शेवटची पेनल्टी जपानची. किक मारली असती तर मॅच बरोबरीत. जपानचा कॅप्टन मायकेल लीचनं स्क्रम (दोन्ही टीम खांदे भिडवून बॉलसाठी रेटतात तो) मागितला आणि कोपऱ्यात ट्राय पडून 34-32. हे कुठल्या चार्टमध्ये बसवणार?

तसंही दोन्ही बाजूंना 1.91 चा भाव (100 लावून जिंकलं तर 191 हातात) असला की 100 पैकी 52 बरोबर येऊनही माणूस घाट्यातच, 53 लागतात. हे इंदूरवाल्यांना नवं सांगायला नको. काच मंदिर बांधणारे सेठ हुकुमचंद कापसाच्या सट्ट्यात कॉटन किंग म्हणवले ते इथलेच, आणि मटका तरी कशातनं निघाला, न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावातनंच ना.

1867 च्या कायद्यानं जुगाराचे अड्डे आधीपासून बंद, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावायचे ऑनलाइन गेमही बंद केले. आतेभाऊ आता नुसत्या मॅच बघतो. परवा रात्री मेसेज, दादा ड्रॉप गोलचे (खेळता खेळता बॉल टप्पा पाडून मारलेली गोलवरची किक) किती? म्हटलं तीन, 1948 च्या आधी चार होते.