पिल्लांच्या पोटातील चरबी आणि पेंडीचा प्रश्न : पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील ब्रॉयलर (मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या) शेडमध्ये आज पिल्लांच्या खाद्यात मुख्यतः मका आणि सोयाबीन पेंड असते. चरबी वाढली की संशय मक्यावर जातो, पण पेंड कोणती आहे यावरही ती तितकीच ठरते, हे संशोधकांना बऱ्याच उशिरा कळले.

१९१४ च्या सुमारास अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी दाखवले, की मक्यातील झीन या प्रथिनात लायसिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) नसल्याने केवळ त्यावर उंदरांची वाढ होत नाही. प्रथिन किती यापेक्षा कोणते, हा विचार तेथून रुजला. चरबीशी त्याचा धागा टेक्सासच्या फ्रॅप्स यांनी १९४३ मध्ये जोडला, आणि १९५६ मध्ये डोनाल्डसन, कोम्ब्स व रोमोसर यांनी प्रथिनाच्या मानाने ऊर्जा वाढवत नेल्यास पिल्लाच्या शरीरातील चरबी वाढते व पाणी घटते, हे सिद्ध केले. कारण सरळ आहे : प्रथिन अपुरे पडले की पिल्लू ती उणीव भरून काढण्यासाठी जास्त खाते आणि सोबत आलेल्या जादा ऊर्जेची चरबी होते. पक्ष्यांत ही चरबी प्रामुख्याने यकृतात तयार होऊन रक्तावाटे पोटात व कातडीखाली साठते. प्रथिन पुरेसे असले तर यकृतातील ही निर्मितीच मंदावते.

शेंगदाणा पेंडीत प्रथिन भरपूर, पण लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले कमी. म्हणून कागदावर बावीस टक्के प्रथिन असलेले खाद्यही पिल्लाच्या दृष्टीने त्याहून हलके ठरते. मासळीची भुकटी या बाबतीत उत्तम, आणि प्राणिज प्रथिनाशिवाय पिल्ले नीट वाढतच नाहीत असे दीर्घकाळ मानले जाई. १९४८ मध्ये प्राणिज पदार्थांतून मिळणारे जीवनसत्त्व बी-१२ वेगळे काढले गेले, पुढे कृत्रिम मेथिओनिनही सहज मिळू लागले आणि भाजलेली सोयापेंड मासळीची जागा घेऊ शकली. आपल्याकडे लासलगावच्या बाजारात कांद्याबरोबर सोयाबीनचेही लिलाव होतात, त्यामुळे हा बदल जिल्ह्याला विशेष जवळचा आहे.

सोयापेंड महागली की सरकी पेंडीचा विचार पुढे येतो. तेव्हा खरी तपासणी लायसिनची हवी, कारण सरकीतील गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य प्रक्रियेच्या उष्णतेत लायसिनला बांधून ठेवते; प्रथिनाचा आकडा तसाच दिसतो, पण पिल्लाला पचणारा वाटा कमी होतो.